हाक मारू नये

गावात माणसाला उघड्यावर पुष्कळ काही करता येतं. भांडता येतं, उसने पैसे मागता येतात, जावयाचे दुर्गुण चारचौघांत मोजता येतात. डाकेची वाट मात्र उघड्यावर पाहता येत नाही. दुपारच्या वेळी फाटकाशी नुसतं उभं राहायला लागलात, की आठवड्याच्या आत कोणीतरी आवाज खाली घेऊन विचारतं, "काऊन मास्तर, कोर्टाचं काई हाय काय?"

कोर्टाचं असतं तर मी अभिमानाने सांगितलं असतं. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात धुऱ्याची एखादी केस नसलेल्या माणसाला प्रतिष्ठा नाही. माझं प्रकरण त्याहून नाजूक होतं. मी पुस्तक लिहिलं होतं.

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट खपून गेली असती. पण आमचं गाव रिद्धपूर. गोविंदप्रभूंचं गाव. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि सारी मंडळी इथे येऊन राहिली. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते इथे. महदंबेने धवळे गायले ते इथे. गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला आणि मराठीला पहिली कवयित्री मिळाली. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून २०२४ मध्ये मराठी भाषेचं विद्यापीठही इथेच सुरू झालं. ज्या गावात मराठी गद्याचा पाया घातला गेला, तिथे बसून ते गद्य बिघडवायचं तर दारं लावूनच बिघडवावं लागतं. मी ओसरीच्या आतल्या खोलीत, पेन्शनच्या कामाचं निमित्त करून, विनोदी लेखांचा एक संग्रह सिद्ध केला. बायकोला वाटत होतं मी ट्रेझरीला अर्ज करतोय. काही अर्ज इतके लांब असतात हे तिला माझ्या नोकरीच्या काळापासून ठाऊक असल्यामुळे तिने संशय घेतला नाही.

हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवलं. ई-मेलने पाठवता येतं हे मला माहीत आहे. पण ई-मेलने पाठवलं तर नकारही ई-मेलनेच येणार, आणि तो कदाचित संध्याकाळपर्यंत येणार. डाकेने पाठवलं की निदान दोन-तीन महिने माणूस लेखक म्हणून जगतो. सोबत जुन्या रिवाजाप्रमाणे स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं चिकटवलेलं परतीचं पाकीट जोडलं. रिद्धपूरचं सिद्धपूर व्हायला एकच अक्षर चुकावं लागतं, आणि सिद्धपूर पडलं गुजरातेत. म्हणून पिनकोड दोनदा गिरवला. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतातले कवी-नाटककार. म्हणजे ज्याला आपलं लिखाण नको त्या पत्त्यावर जाण्याची भीती कळते, अशाच माणसाने तो बसवला. पहिले तीन आकडे ४४४ दिसले की टपाल वऱ्हाडाच्या वाटेला लागतं. आता ते परत येऊ नये एवढीच माझी प्रार्थना होती.

परत येणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी लिहिलं नाही त्यांना सांगायला हवं. पातळ पाकीट आलं तर चांगली बातमी: प्रकाशकाने नुसतं पत्र पाठवलंय, हस्तलिखित ठेवून घेतलंय. जाड पाकीट आलं तर आतलं पत्र वाचायची गरज नाही. आणि ते जाड पाकीट घेऊन गावाच्या डाकवाल्याने भर दुपारी आमच्या ओट्यावर उभं राहून "मास्तर, तुमचं पुस्तक वापस आलं बाप्पा!" अशी खणखणीत हाक मारली असती, तर पुढच्या तासाभरात ती राजमठापर्यंत पोचली असती.

पूर्वी हे फारच वाईट होतं म्हणा. डाकेचे हरकारे पायी पळत यायचे तेव्हा त्यांच्या भाल्याला घुंगरं बांधलेली असत. जनावरं दूर पळावीत म्हणून, पण ती वाजली की गावालाही कळे की डाक आली. म्हणजे डाक आल्याची सूचना देणारं यंत्र दीडशे वर्षांपूर्वीच होतं. फक्त ते एकट्यालाच ऐकू जाईल असं नव्हतं. मला नेमकं तेच हवं होतं: घुंगरं वाजावीत, पण माझ्याच खोलीत.

याच गावाच्या महानुभाव पंथाने लपवण्याची विद्या केवढी वाढवली होती! महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत लिहून ठेवले. अक्षरांची अशी अदलाबदल, की पोथी हातात असूनही बाहेरच्या माणसाला एक ओळ लागू नये. शतकानुशतकं लागली नाही. ती लिपी बाहेरच्या अभ्यासकांना उलगडून दाखवायला इतिहासाचार्य राजवाडे यावे लागले. मी त्याच मातीतला. मला एक डाकपेटी लपवता येऊ नये?

भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. त्याला बोलावून घेतला आणि म्हटलं, डाक आली की मला घरात बसल्या कळलं पाहिजे. कशासाठी ते त्याने विचारलं नाही. आजकालच्या मुलांचा हा गुण मला आवडतो. त्यांना 'कसं' यात इतका रस असतो की 'का' हे राहून जातं.

पहिली पायरी पेटी. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली. तो म्हणाला, "फट किती ठिवू?" पोट्ट्यांचे हात जाऊ नयेत, खारी-चिमण्या शिरू नयेत, वानरांना काही ओढून काढता येऊ नये, असा सगळा विचार करून मी म्हटलं, बोटभर पुरे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "बोटभर?" मी म्हटलं, बोटभर. तो गेला कामाला. हा संवाद इथे लिहिण्याचं कारण पुढे कळेल. तेव्हा तो आम्हा दोघांनाही महत्त्वाचा वाटला नव्हता.

पेटीवर मी स्वतःच्या हाताने, मास्तरी अक्षरात, लाल ऑइलपेंटने लिहिलं: 'कृपया डाक याच पेटीत टाकावी. हाक मारू नये.'

भाच्याने पेटीच्या झाकणाला लोहचुंबक आणि चौकटीला एक काचेची नळी बसवली. नळीत दोन बारीक पात्या असतात. चुंबक जवळ आला की त्या जुळतात, लांब गेला की सुटतात. झाकण उघडलं, पात्या सुटल्या, डाक आली. तत्त्व निर्दोष होतं. पण पेटी पोलादाची. चुंबकाला एवढं मोठं लोखंड जन्मात मिळालं नव्हतं. त्याची सारी ओढ पत्र्याकडे वळली आणि नळीपर्यंत काही पोचेना. ते रबराचे तुकडे घालून सुधारलं, तर वायफाय पेटीच्या बाहेर निघेना. भाचा म्हणाला, "मामा, ही पेटी नाई, फॅरेडेचा पिंजरा झाला." चारी बाजूंनी धातू असलेल्या खोक्यात बाहेरच्या विजेचा परिणाम पोचत नाही, हे मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये लंडनला स्वतः आत बसून दाखवलं होतं. आम्ही ते रिद्धपूरला बाहेर उभे राहून, पैसे देऊन, पुन्हा सिद्ध केलं.

मग पेटीला भोक पाडून अँटेना बाहेर काढली. तरी मध्ये आमच्या जुन्या घराची हातभर जाड मातीची भिंत. शेवटी भाच्याने वायफाय सोडून लोरा नावाचा रेडिओ आणला. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, आणि मोकळ्या रानात हा रेडिओ कित्येक किलोमीटर बोलतो. शेतकरी तो पलीकडच्या शिवारातला मोटारपंप चालवायला वापरतात. मला तो फाटकापासून ओसरीपर्यंत हवा होता. पावलांनी मोजायचं तर एक विडी अर्धी संपेल एवढं अंतर. मी विडी ओढत नाही, पण वडील ओढत आणि डाक ते स्वतः जाऊन आणत.

आता खरं तर थांबायला हवं होतं. पण झाकण उघडल्याचं कळणं आणि आत काय पडलं ते कळणं यात फरक आहे. घंटी वाजली आणि मी धावत सुटलो, तर ते धावणंच गाव पाहणार. मला बसल्या जागी कळायला हवं होतं की पातळ आलं की जाड. मी भाच्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "का रे, वजन नाही का कळत याला?"

त्याचे डोळे चमकले. असा प्रश्न विचारणारा मामा प्रत्येक इंजिनिअरला हवा असतो.

पेटीत एक ताटली आली. ताटलीखाली अॅल्युमिनिअमची बोटभर पट्टी. तिच्यावर वजन पडलं की ती केसाहून कमी वाकते, आणि ते वाकणं तिच्या अंगावर चिकटवलेल्या तारेच्या जाळीला कळतं. पुढे ते मोजणारी चिप चोवीस बिटची. भाच्याने समजावलं, की ही एका मापाचे एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा भाग करू शकते. मी दचकलो. सोनारसुद्धा एवढं बारीक तोलत नाही, आणि तोलायचं काय होतं, तर माझा विनोद.

"पन्नास ग्रॅमच्या खाली आलं तर काय लिहू?" भाच्याने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

आता त्याला हस्तलिखित वगैरे सांगणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "लिही, चांगली बातमी."

"अन् तीनशेच्या वर?"

"वाईट बातमी."

त्याने तसं लिहिलं. माझ्या खोलीत एक डबी बसली. हिरवा दिवा चांगल्या बातमीचा, लाल वाईटाचा. जाताना तो म्हणाला, "मामा, मोबाईलवर बी मेसेज येईन. आपल्या घरच्या ग्रुपवर वाढदिवसाचा जो बॉट हाय ना, तोच वापरला. नवा कायले करा? केकचं चित्र काढून टाकलं, हात जोडल्याचं लावलं. आपल्याकडे दंडवत चालतेच." मग दाराशी थांबून, "ग्रुप म्यूट नाई ना तुमचा?"

मी म्हटलं, "छे."

तो ग्रुप मी वर्षभरापूर्वीच मुका केला होता. सकाळच्या सूर्योदयांना कंटाळून. त्यात अकोल्याचे, परतवाड्याचे, पुण्याचे, आणि एक चुलतभाऊ न्यू जर्सीतला असे मिळून आमचं सगळं गोत आहे. भाचा काय बोलला ते मी ऐकलं. समजून घेतलं नाही. मला माझ्या दिव्यांशी मतलब होता. खोलीत अंधारात बसलेली ती डबी, तिचे दोन दिवे, आणि त्यांचा अर्थ जगात फक्त मला ठाऊक. सकळ लिपी ती हीच, असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये एका रात्री हिरवा दिवा लागला.

रात्री डाक येत नाही हे कळण्याइतका मी शुद्धीवर होतो, तरी छातीत धडधडलं. टॉर्च घेऊन गेलो. ताटलीवर एक पाल बसली होती. पाल अंगावर कुठे पडली म्हणजे काय फळ मिळतं याची सबंध यादी आमच्या आत्याबाईंना पाठ आहे; डाकपेटीत पडली तर काय, हे तिच्यात नाही. मी पाल हुसकली, दिवा विझला, झोपलो. तिकडे ग्रुपवर 'मामा, चांगली बातमी आली' हे हात जोडून जाहीर झालं होतं आणि नातेवाईक पहाटेपर्यंत अभिनंदन करत होते. सकाळी बायको अधूनमधून माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. आमच्या मुलाचं लग्न जमत नाहीये तीन वर्षं. तिला वाटलं मी परस्पर कुठेतरी जमवलं आणि योग्य वेळी सांगणार आहे. तीही योग्य वेळेची वाट बघत राहिली. म्हणजे एप्रिलभर आमच्या घरात दोन माणसं एकमेकांपासून लपवून वाट पाहत होती, आणि दोघांची वाट एका पालीने लावून दिली होती.

मे लागला. बायको माहेरी परतवाड्याला गेली. घरी मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय नव्वदीच्या पुढे कुठेतरी, कारण तिच्या जन्माच्या वर्षाबद्दल कागदपत्रांचं आणि तिचं पटत नाही. दात एक, आवाज शाबूत.

वऱ्हाडातलं मेचं ऊन मी कोणाला सांगणार नाही. ज्यांनी खाल्लं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना पटायचं नाही. पारा पंचेचाळीसवर गेला त्या दुपारी फाटकावरची ती पत्र्याची पेटी तव्यासारखी तापली. पत्रा तापला की पसरतो. पसरला तो पोक काढून आत आला आणि ताटलीला बगलेतून दाबू लागला. पट्टी वाकली, जाळीला कळलं, चोवीस बिटांनी मोजलं, रेडिओने सांगितलं. माझ्या खोलीत लाल दिवा लागला.

मी पंचा डोक्यावर घ्यायचंही विसरलो. अनवाणी फाटकापर्यंत गेलो. झाकणाने बोटं भाजली. आत काही नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. रिकाम्या पेटीत चारशे ग्रॅम नकार होता. तो दिसत नव्हता पण त्याचं वजन यंत्राला लागत होतं. मी दोन्ही हातांनी डोकं धरून तसाच उन्हात उभा राहिलो. लेखकाच्या मनात अशा वेळी जे येतं तेच आलं: हे यंत्र नाही, हा संकेत आहे.

संध्याकाळी पत्रा निवला, दिवा विझला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागला. मी पुन्हा गेलो, पुन्हा डोकं धरलं.

आता तिकडची बाजू. आमच्या पिढीला बातमीचं एक व्याकरण शिकवलेलं आहे. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की ते घरात न्यायचं नाही. दारातच वाचायचं, टराटरा फाडायचं आणि आंघोळीला जायचं. तार आली की न वाचताच रडायला सुरुवात करायची. तारा बंद झाल्या २०१३ च्या जुलैत, पोस्टकार्डं कोणी लिहीत नाही. पण ते व्याकरण गेलेलं नाही, मोबाईलमध्ये जाऊन बसलंय. घरच्या ग्रुपवर दुपारच्या वेळी, जोडलेल्या हातांसह, 'मामा, वाईट बातमी आली' एवढंच लिहून येतं, पुढे अक्षर नाही, याचा अर्थ कोणाला समजवावा लागत नाही. घरात नव्वदीपलीकडची म्हातारी आहे हे सगळ्यांना माहीत. सगळ्यांनी मला फोन केले. फोन लाइन गेली म्हणून विझून पडला होता. लाइन आली तेव्हा लावला चार्जिंगला आणि आवाज बंद, कारण मी दुपारी दिव्याकडे बघत असतो.

माझा फोन लागेना म्हणून मेहुण्याने शेजाऱ्याला लावला. शेजारी कुंपणावरून डोकावला. त्याने जे पाहिलं ते त्याने प्रामाणिकपणे कळवलं: "भाऊ भर उन्हात फाटकापाशी डोकस्याले हात लावून उभे हायेत. बोलत नाईत."

पहिल्या दिवशी लोकांनी ठरवलं की आत्याबाई अत्यवस्थ आहेत. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आला तेव्हा ठरलं, की गेल्या.

मी ओसरीत जरा लवंडलो होतो. गाड्यांचे आवाज आले. फाटक उघडून पहिल्यांदा मेहुणा, त्याच्यामागे त्याची बायको, मग अकोल्याचे दोघे काका, मग भाचा, आणि सगळ्यांत मागे डोक्यावरून पदर घेतलेली, वाटभर रडून डोळे सुजलेली आमची ही. कोणी काही बोलेना. मेहुण्याच्या हातात पांढऱ्या कापडाची पिशवी होती. तीत काय होतं हे नंतर कळलं, आणि ते त्याने आजही परत केलेलं नाही. म्हणतो, पुढे लागेलच.

आत्याबाई ओट्याच्या सावलीत पाटावर बसून चिंचोके फोडत होती. एवढी माणसं गुपचूप, खालमानेनं येताना पाहिल्यावर तिने हातातला दगड खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं वो?"

कोणी उत्तर दिलं नाही. देणार तरी कोण? सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आत्याबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिला अशा प्रसंगी काय करायचं ते नीट माहीत आहे. तिने सूर लावला. मोठ्या काकांना गाडीतून उतरल्यापासून आवरलेलं रडू होतंच, ते त्यांनी तिच्या सुरात सोडलं. शेजारणी कुंपणापाशी जमा झाल्या. आपल्याच मयतीला आपणच सगळ्यांत मोठ्याने रडणारी बाई मी ती पहिलीच पाहिली, आणि ती फार छान रडते हे सांगायला हवं.

भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला तेव्हा मला सगळं कळलं. पालीसकट. न्यू जर्सीच्या चुलतभावाने विमानाच्या तिकिटांचे भाव टाकलेले होते आणि खाली विचारलं होतं, तेराव्याला आलं तर चालेल का.

"वाईट बातमी म्हणजे कायची?" बायकोने विचारलं. तिचं रडू थांबलं होतं आणि तिथे दुसरंच काहीतरी सुरू व्हायच्या बेतात होतं. "अन् चांगली कोणती होती?"

मी म्हटलं, पेटी तापली. पत्रा पसरला. जाळीला कळलं. मी फॅरेडेपर्यंतही गेलो. कोणाचा चेहरा हलला नाही. फक्त भाचा मान डोलवत होता.

तेवढ्यात डाकवाला आला. सायकल भिंतीला लावून, एवढी गर्दी आणि आत्याबाईचा गळा पाहून त्याने टोपी काढली, मंडळींना दंडवत घातला आणि अपराध्यासारखा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. झोळीतून त्याने एक जाड पाकीट काढलं. माझ्याच अक्षरात माझाच पत्ता. पिनकोड दोनदा गिरवलेला. कोपरे मऊ झालेले.

"माफी करजा मास्तर," तो म्हणाला. "लय दिवसांपासून फिरवून रायलो मी हे. डब्यात जात नाई बाप्पा, फट एवढीशीच ठिवली तुमी. ओट्यावर ठिवा तं वानरं. अन् हाक मारू नये म्हनून तुमीच लिवलं. मी रोज येतो, टाकून पायतो, वापस नेतो. आज फाटक उघडं दिसलं, हाक न मारता आलो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडे टपाल खात्याच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दर्पण' योजनेचं हातातलं यंत्र आहे. स्पीड पोस्ट असतं तर त्याने माझी सही घेतली असती आणि पाकीट कुठल्या गावाहून कधी हललं हे मला महिनाभर आधी दिसलं असतं. साधी तिकिटं मी लावली होती. चार पैसे वाचावेत म्हणून, आणि मुख्य म्हणजे त्या पाकिटाचा उपयोग होणारच नाही याची मला खात्री होती म्हणून.

"काय हाय त्याच्यात?" मोठ्या काकांनी डोळे पुसत विचारलं.

मी पाकीट पाठीमागे घेतलं. बायकोने ते तिथून काढून घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी पाठीमागे धरलेली एकही वस्तू माझ्याकडे राहिलेली नाही. तिने ते फोडून भाच्याकडे दिलं, चष्मा तिचा परतवाड्याला राहिला होता.

भाच्याने पहिलं पान वाचलं. "मामानं पुस्तक लिवलं," तो म्हणाला. आवाजात कौतुक होतं की धक्का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ओट्यावर शांतता झाली. मला वाटलं आता सगळे हसतील, पण लोक सुतकी चेहऱ्याने आले होते आणि चेहरे इतक्या लवकर बदलता येत नाहीत. काकांनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या गावाने ग्रंथ हरवण्याचं दुःख पाहिलेलं आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा लिहून काढली. माझी प्रत हरवली असती तर ती आठवणीतून लिहायला मलासुद्धा जमलं नसतं. म्हाइंभटांनी एकेका माणसाकडे पायी जाऊन, ज्याने पाहिलं त्याच्या तोंडून ऐकून, ताडून पाहून लिहिलं. मी शेजाऱ्याबद्दल सहा लेख लिहिले होते आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तो कुंपणावरून ऐकत होता.

"चिठ्ठी बी हाय," भाचा म्हणाला आणि कोणी नको म्हणायच्या आत त्याने ती वाचली. प्रकाशकाने चार ओळी लिहिल्या होत्या, सभ्य आणि टंकलिखित. लेखन प्रामाणिक आहे. भाषा शुद्ध आहे. मात्र विनोद वाचकापर्यंत पोचत नाही.

आत्याबाईला यातलं शेवटचं तेवढं ऐकू गेलं. तिने पदर तोंडावरून काढला. "काय पोचत नाई?"

"मामाचा विनोद," भाचा ओरडून म्हणाला.

डाकवाला दाराकडे निघाला होता, तो थांबला. इतका वेळ त्याने सगळं खालमानेने ऐकून घेतलं होतं: फट, वानरं, उशीर. हे मात्र त्याच्या खात्यावर येत होतं.

"पोचत नाई म्हंजे?" तो मागे वळून म्हणाला. "मी आनून देल्लं ना!"